युरियाची गोणी आणि समुद्रातला वारा : ग्रीन हायड्रोजनचा हिशोब

हरियाणातल्या जींद-सोनीपत मार्गासाठी हायड्रोजनवर चालणारी ट्रेन तयार झाली, तिचे व्हिडिओ आपल्याकडच्या ग्रुपवर फिरतायत. त्यातच मार्च २०२२ मध्ये गडकरी साहेब हायड्रोजनच्या गाडीत बसून संसदेत गेले होते तो जुना व्हिडिओ पण परत वर आलाय. आणि त्याच्या मागोमाग एक मेसेज, की आता समुद्रात पवनचक्क्या लावायच्या, तिथंच पाण्यापासून हायड्रोजन काढायचा, वारा फुकट, पाणी फुकट, म्हणजे पेट्रोलचा विषयच संपला. लोक विचारतायत, "हाई खरं शे का भो?" आणि खरं असेल तर मग अजून कुणी करत का नाही?

तंत्र खरं आहे, समुद्रात असा हायड्रोजन काढून पण झालाय. अडतं ते पैशाच्या हिशोबात, आणि हा हिशोब आपण शेतीवाल्यांनी तर नीट समजून घ्यायलाच पाहिजे, कारण हायड्रोजनचा आजचा मोठा गिऱ्हाईक गाडी नाहीये, खताचा कारखाना आहे.

हायड्रोजन येतो कुठून

हायड्रोजन जमिनीतून कोळशासारखा खणून काढायची सोय अजून तरी नाही, तो कशातून तरी वेगळा करावा लागतो. आज जगात वर्षाला साडेनऊ कोटी टनांच्या वर हायड्रोजन वापरला जातो आणि तो जवळपास सगळा नैसर्गिक गॅस नाहीतर कोळशापासून बनतो. गॅसपासून एक किलो हायड्रोजन बनवला की नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. याला ग्रे हायड्रोजन म्हणतात. भारतात वर्षाला साठ लाख टनांच्या आसपास हायड्रोजन लागतो, त्यातला बहुतेक सगळा तेलाच्या रिफायनऱ्यांत आणि खताच्या कारखान्यांत जातो. म्हणजे "भविष्यातलं इंधन" वगैरे म्हणतात ते ठीक आहे, पण हा माल आत्ताच रोज कारखान्यात वापरला जातोय, फक्त आपल्याला दिसत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे पाण्यातून वीज सोडायची आणि पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन भाग करायचे. हे काम करणाऱ्या मशीनला इलेक्ट्रोलायझर म्हणतात. वीज सोलरची किंवा वाऱ्याची असली तर तो हायड्रोजन ग्रीन. आपल्या सरकारनं ऑगस्ट २०२३ मध्ये त्याची व्याख्या ठरवली, एक किलो हायड्रोजनमागं दोन किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड नको. बस, एवढे दोन-तीन शब्द समजले की पुढचं सगळं साधं गणित आहे.

युरियाच्या एका गोणीला किती हायड्रोजन लागतो

केळीच्या बागेत ठिबकमधून युरिया सोडणाऱ्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला ४५ किलोची गोणी माहिती आहे, तिच्यावर २६६ रुपये ५० पैसे छापलेले असतात. ती गोणी बनवायला साधारण साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो. अमोनिया म्हणजे हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांची जोडी, आणि साडेपंचवीस किलो अमोनियाला लागतो साधारण साडेचार किलो हायड्रोजन.

आता भाव बघा. गॅसपासूनचा हायड्रोजन आपल्याकडं गॅसच्या भावाप्रमाणं किलोला दीडशे-दोनशे रुपयांच्या घरात पडतो, म्हणजे गोणीतल्या हायड्रोजनचेच सातशे ते नऊशे रुपये झाले. गोणीवर छापलेली किंमत त्याच्या खूप खाली आहे, वरचा सगळा फरक सरकार कंपनीला सबसिडी म्हणून देतं. ग्रीन हायड्रोजन घ्यायचा तर पानिपतच्या रिफायनरीसाठी २०२५ मध्ये जो भाव ठरला तो किलोला ३९७ रुपये होता, त्या भावानं गोणीत अठराशे रुपयांचा हायड्रोजन गेला. म्हणजे गोणीमागं नऊशे-हजार रुपये जास्तीचे. देशात वर्षाला साडेतीनशे लाख टनांच्या वर युरिया खपतो, म्हणजे पाऊणशे कोटींपेक्षा जास्त गोण्या. प्रत्येकीवर नऊशे रुपये धरा, ७० हजार कोटी रुपये होतात, आणि हे दरवर्षी. ४ जानेवारी २०२३ ला मंजूर झालेल्या राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशनला एकूण दिलेत १९,७४४ कोटी. मला तर हा एकच आकडा पुरेसा वाटतो, किलोमागं पन्नास रुपये इकडं तिकडं झाले तरी देशाच्या तिजोरीला ते केवढ्याला पडतं ते लगेच समजतं.

आणि ३९७ हा भाव जमिनीवरच्या विजेचा आहे. समुद्राचा हिशोब अजून सुरूच केलेला नाही आपण.

एका किलोला किती वीज लागते

एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते, आपण ५३ धरू. हा आकडा फार खाली येण्यासारखा नाही, कारण पाणी फोडायला कमीत कमी किती ऊर्जा लागणार ते निसर्गानंच ठरवून दिलंय आणि ते जवळपास ४० युनिट आहे. मशीन कितीही भारी बनवलं तरी त्याच्या खाली जाता येत नाही.

त्यामुळं पहिला प्रश्न कायम एकच, युनिट केवढ्याला? जमिनीवरच्या सोलरचे मोठे सौदे अडीच रुपयांच्या आसपास झालेत, ५३ ला अडीचनं गुणा, १३२ रुपये. समुद्रातल्या वाऱ्याची वीज आठ रुपये धरली तर ४२४. ब्रिटनमध्ये समुद्रातल्या वाऱ्याचा पंचवीसेक वर्षांचा अनुभव गाठीला आहे तरी २०२४ च्या लिलावात ठरलेला भाव आजच्या पैशात युनिटला नऊ रुपयांच्या आसपास जातो, म्हणून आपल्याकडच्या पहिल्यावहिल्या प्रकल्पाला मी धरलेले आठ रुपये काही जास्त नाहीत.

इथंच वाटतं की संपलं, सोलर जिंकलं. पण थांबा, अर्धाच हिशोब झालाय.

मशीन वर्षात किती तास चालतं

खान्देशात जिनिंग फॅक्टरी सगळ्यांनी बघितलेली आहे. कपाशीचा सीझन असला की रात्रंदिवस चालू, गाड्यांच्या रांगा, आणि सीझन संपला की शेडला कुलूप. पण बँकेचा हप्ता, विम्याचे पैसे, वॉचमनचा पगार बारा महिने चालूच असतो. ज्या वर्षी कपाशी कमी आली त्या वर्षी त्याच हप्त्याचा बोजा थोड्याच गाठींवर पडतो, म्हणून गाठीमागचा खर्च वाढतो. इलेक्ट्रोलायझरचं अगदी हेच आहे. मशीन महाग, आणि ते फक्त वीज मिळते तेव्हाच चालतं.

समजा एक किलोवॅटचं मशीन सगळं बसवून एक लाखाला पडलं आणि हप्ता, व्याज, देखभाल मिळून वर्षाला १२ हजार लागले. वर्षभर एक मिनिट न थांबता चाललं तर ते १६५ किलो हायड्रोजन देईल, किलोमागं मशीनचा खर्च ७३ रुपये. पण सोलरवर ते वर्षाच्या एक चतुर्थांश वेळच चालणार, म्हणजे ४१ किलो, आणि किलोमागं मशीनचा खर्च थेट २९० रुपये! समुद्रातला वारा जमिनीवरच्यापेक्षा जास्त वेळ आणि जास्त सारखा वाहतो, तिथं ४५ टक्के वेळ धरली तर ७४ किलो निघतो आणि मशीनचे १६२ रुपये पडतात.

आता बेरीज करा. नुसता सोलर : १३२ अधिक २९०, म्हणजे ४२२. समुद्र : ४२४ अधिक १६२, म्हणजे ५८६. समुद्रातल्या वाऱ्यानं मशीनच्या खर्चात सव्वाशे रुपये वाचवले पण विजेत जवळपास तीनशे घालवले. आणि तिसरा पर्याय, जमिनीवरच सोलर आणि वारा एकत्र जोडायचे, दिवसा सोलर, संध्याकाळी आणि पावसाळ्यात वारा, युनिट सव्वातीन रुपये आणि मशीन अर्धा वेळ चालू धरलं तर १७२ अधिक १४६, म्हणजे ३१८. हे आकडे मी हिशोब समजावा म्हणून गोल धरलेत, प्रत्येक प्रकल्पाचे वेगळे असतील, वरून पाणी, कॉम्प्रेसर, साठवणीच्या टाक्या यांचा खर्च लागतोच, पण कोण वर आणि कोण खाली तो क्रम असाच राहतो.

यातून एक नेहमीची शंका पण मिटते. बरेच जण म्हणतात की वारा जास्त असला की ग्रिडला नको असलेली वीज वाया जाते, स्कॉटलंडमध्ये तर पवनचक्क्या बंद ठेवायचे पैसे देतात, मग ती फुकटची वीज वापरा ना! वापरता येईल, पण अशी वीज वर्षात थोडेच तास मिळते, आणि त्या थोड्या तासांसाठी लाखाचं मशीन उभं करायचं म्हणजे चार दिवसांच्या कपाशीसाठी जिनिंग टाकण्यासारखं. वीज फुकट पडली तरी किलोमागं मशीनचाच खर्च अंगावर येतो.

मग समुद्रात जायचंच कशाला?

ज्यांना जमीन नाही आणि ऊन पण नाही ते जातात. हॉलंड, डेन्मार्क, जर्मनीचा उत्तर भाग, ब्रिटन, इथं हिवाळ्यात सूर्य धड दिसत नाही, माणसांची वस्ती दाट, जमिनीवर पवनचक्की लावायची म्हटली की गाव विरोधात उभं राहतं. पण त्यांच्या दारात नॉर्थ सी आहे, उथळ, आणि तिथला वारा सरासरी सेकंदाला दहा मीटरच्या आसपास. जगातली पहिली समुद्रातली पवनचक्क्यांची रांग डेन्मार्कनं १९९१ मध्ये व्हिंडेबीला उभी केली, ११ चक्क्या, प्रत्येकी ४५० किलोवॅट. आज एकेक चक्की १४-१५ मेगावॅटची असते. आपल्या साक्रीकडं ब्राह्मणवेल, छडवेलच्या पठारावर ज्या सुझलॉनच्या जुन्या चक्क्या दिसतात त्यातल्या कितीतरी सव्वा मेगावॅटच्या आहेत, पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ६५ मीटरच्या आसपास. समुद्रातल्या नव्या चक्कीचा व्यास २२० मीटरच्या वर जातो, म्हणजे अशी एक चक्की साक्रीच्या दहा-बारा चक्क्यांचं काम करते.

भारतात बघायला गेलं तर सगळ्यात आधी खंभातच्या आखातात, पिपावावजवळचा पट्टा मोजला गेला. आपली तापी मुलताईहून निघून भुसावळ, प्रकाशा करत सुरतेजवळ ज्या समुद्राला मिळते तोच हा भाग. २०१७ मध्ये तिथं वारा मोजायचं यंत्र बसवलं, आणि वाऱ्याचा वेग मिळाला सेकंदाला साडेसात मीटरच्या आसपास. दहा आणि साडेसात यात फार फरक वाटत नाही, पण वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाप्रमाणं वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ताकद आठपट. त्या हिशोबानं नॉर्थ सीच्या वाऱ्यात खंभातच्या वाऱ्यापेक्षा सव्वादोनपट-अडीचपट ताकद आहे. खर्च मात्र तेवढाच, उलट जास्तच, कारण खंभातच्या आखातात तळ मऊ चिखलाचा आणि भरती-ओहोटी देशातली सगळ्यात मोठी. तामिळनाडूच्या टोकाला वारा यापेक्षा चांगला आहे, म्हणून समुद्रातल्या विजेचं पुढंमागं काही झालंच तर तिकडं आधी बसेल असं मला वाटतं.

वारा फुकट आहे, मग वीज महाग कशी?

वारा फुकट आहे हे अगदी खरं. पण वाऱ्यापर्यंत पोचायचा खर्च फुकट नाही. समुद्रातल्या प्रकल्पात चक्कीची स्वतःची किंमत एकूण खर्चाच्या साधारण तिसरा हिस्साच असते. बाकीचं जातं तळात ठोकायच्या अवाढव्य लोखंडी खांबांना, समुद्राखालच्या केबलला, समुद्रातल्या सबस्टेशनला, आणि हे सगळं उभं करणाऱ्या खास जहाजांना, ज्यांचं भाडं दिवसावर मोजतात आणि जी आपल्याकडं नाहीत, बाहेरून आणावी लागतात. साक्रीच्या चक्कीत बिघाड झाला तर माणूस जीप घेऊन वर जातो. समुद्रात बिघाड झाला आणि पावसाळ्याचा खवळलेला समुद्र असला तर बोट जाऊच शकत नाही, चक्की तशीच बंद उभी.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट व्याज, जी या मेसेजमध्ये कधीच नसते. कोळशाच्या केंद्राला, म्हणजे आपल्या दीपनगरलाच धरा ना, खर्च दर महिन्याला लागतो, कोळसा येतो तसे पैसे जातात. वाऱ्याच्या प्रकल्पात इंधन नाही, म्हणजे पुढच्या २५ वर्षांच्या विजेचे जवळपास सगळे पैसे पहिल्याच दिवशी घालायचे. ते कर्जानं आणायचे. एक कोटीचं कर्ज २५ वर्षांसाठी ५ टक्क्यांनी मिळालं तर वर्षाचा हप्ता सात लाख दहा हजारांच्या आसपास बसतो, तेच १० टक्क्यांनी घेतलं तर अकरा लाख. चक्की तीच, वारा तोच, फक्त व्याजामुळं वीज दीडपट महाग! युरोपात पैसा स्वस्त होता तोवर समुद्रातल्या विजेचे भाव दरवर्षी खाली येत होते, आणि २०२२ नंतर व्याज आणि लोखंड दोन्ही महागलं तशी गाडी उलटी फिरली.

वायर टाकायची की पाइप?

समुद्रात वीज बनली, आता हायड्रोजन कुठं काढायचा? एक, केबलनं वीज किनाऱ्यावर आणायची आणि मशीन जमिनीवर. दोन, मशीन समुद्रातच प्लॅटफॉर्मवर बसवायचं आणि हायड्रोजन पाइपनं आणायचा. दुसऱ्याचा फायदा असा की खूप लांबून ऊर्जा आणायची असेल तर पाइप केबलपेक्षा स्वस्त पडतो, आणि पाइपमध्ये थोडा माल साठून पण राहतो. तोटा असा की खारी हवा, लाटांचा हलता प्लॅटफॉर्म आणि त्यावर नाजूक मशीन, दुरुस्तीचा खर्च जमिनीवरच्यापेक्षा कितीतरी जास्त.

फ्रान्समध्ये ल्हिफ नावाच्या कंपनीनं २०२३ मध्ये किनाऱ्यापासून २० किलोमीटर आत, तरंगत्या प्लॅटफॉर्मवर एक मेगावॅटचं मशीन चालवून दाखवलं. दिवसाला जास्तीत जास्त ४०० किलो हायड्रोजनची त्याची क्षमता. आपल्या गोणीच्या भाषेत सांगायचं तर दिवसाला नव्वदेक गोण्या युरियापुरता. होतं हे सिद्ध झालं ही मोठी गोष्ट आहे आणि त्या लोकांचं कौतुकच केलं पाहिजे, पण ती चाचणी होती, धंदा नव्हता. पिपावावचा पट्टा किनाऱ्यापासून पंचवीस-चाळीस किलोमीटरवर आहे, एवढ्या अंतराला केबल पुरते, त्यामुळं आपल्याकडं मशीन समुद्रात नेण्याचं कारणच उरत नाही. आणि एकदा वीज किनाऱ्यावर आलीच, तर आठ रुपयांची ती वीज हायड्रोजनमध्ये घालण्यापेक्षा सरळ सुरतेच्या कारखान्याला का विकू नये? हा प्रश्न मी तरी कुठल्याच जाहिरातीत विचारलेला बघितला नाही.

युरोपात तर जोरात चाललंय म्हणतात

घोषणा जोरात होत्या. प्रत्यक्षात ब्रिटनच्या २०२३ च्या लिलावात समुद्रातल्या वाऱ्यासाठी एकही बोली आली नाही. डेन्मार्कनं नॉर्थ सीमध्ये ३ गिगावॅटचा लिलाव काढला, डिसेंबर २०२४ मध्ये मुदत संपली, शून्य बोली. ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीत तेच झालं. आपल्याकडं केंद्रानं जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची मदत मंजूर केली, गुजरातला ५०० आणि तामिळनाडूला ५०० मेगावॅटसाठी, तरी निघालेली टेंडरं २०२५ मध्ये रद्द करावी लागली.

यांचं तंत्र काही फसलेलं नाही, यांना गिऱ्हाईक मिळत नाहीये. प्रकल्पवाला म्हणतो, पंधरा-वीस वर्षं अमुक भावानं माल घेईन असं कुणीतरी लिहून द्या, तरच बँक मला पैसे देते. खताचा किंवा स्टीलचा कारखाना म्हणतो, माझा शेजारी गॅसच्या हायड्रोजनवर अर्ध्या भावात माल बनवतोय, मी का लिहून देऊ? ब्रिटन सरकारनं डिसेंबर २०२३ मध्ये ११ हायड्रोजन प्रकल्पांना भावाची हमी दिली, ती किलोच्या हिशोबात साडेनऊ पौंडांच्या आसपास जाते, म्हणजे हजार रुपयांच्या पुढं. आणि ते प्रकल्प जमिनीवरचे होते, समुद्रातले नव्हते. हजार रुपये किलोनं आपली गोणी साडेचार हजारांची होते, नुसत्या हायड्रोजनची.

आपल्याकडं पाण्याचेच वांधे, आणि हे पाणी फोडणार?

ही शंका खान्देशात येणारच, आलीच पाहिजे. एक किलो हायड्रोजनला शुद्ध पाणी ९ लिटर लागतं, शुद्ध करताना वाया जाणारं वगैरे धरून १५-२० लिटर समजा, कूलिंग कसं करतात त्याप्रमाणं आणखी वाढतं. मिशनचं लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं आहे. २० लिटरनं धरलं तर साडेतीन टीएमसी झाले. गिरणा धरणाचा उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी आहे, म्हणजे सगळ्या देशाच्या हायड्रोजनला वर्षभरात गिरणेचा पाचवा हिस्सा. देशाच्या मानानं हे काही फार नाही. पण देश म्हणून कमी असलं तरी ज्या तालुक्यात तो कारखाना येईल त्या तालुक्याला ते कमी नसतं, टँकरवर जगणाऱ्या गावाला टीएमसीची सरासरी सांगून उपयोग नाही. समुद्रकाठी मात्र हा प्रश्न खरंच सोपा आहे, खारं पाणी गोड करायला हजार लिटरला तीन-चार युनिट लागतात, एक किलो हायड्रोजनच्या पाण्यासाठी एक दशांश युनिट पण नाही, ५३ युनिटांपुढं ते काहीच नाही. म्हणून असे कारखाने किनाऱ्यावर, बंदराजवळ, खताच्या कारखान्याला लागून यावेत हेच बरोबर.

आणि गाडीत?

गडकरी साहेबांच्या त्या गाडीच्या टाकीत साडेपाच किलोच्या आसपास हायड्रोजन मावतो, पण त्यासाठी तो ७०० बार दाबानं ठासावा लागतो, कारण साध्या हवेच्या दाबाला एक किलो हायड्रोजन ११ घनमीटर जागा खातो. द्रव करायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करा, त्यात प्रत्येक किलोमागं आणखी दहा-बारा युनिट गेली. समुद्रात १०० युनिट बनली तर हायड्रोजन करून, दाबून, वाहून, परत गाडीत वीज करून चाकापर्यंत तीसेक पोचतात. तीच वीज बॅटरीच्या गाडीत घातली तर सत्तरच्या वर पोचतात. त्यामुळं मोटरसायकल, रिक्षा, कार यांचा विषय माझ्या मते संपलेला आहे. ट्रेनचं पण तसंच, भुसावळवरून जाणाऱ्या लाइनीवर डोक्यावर वायर आहे, तिथं हायड्रोजनची गरज नाही.

हायड्रोजन तिथंच वापरावा जिथं विजेनं काम भागत नाही. खतात वीज घालता येत नाही, हायड्रोजनच लागतो. रिफायनरीत तेच, आणि खनिजापासून लोखंड काढताना कोळशाच्या जागी तोच चालतो. जहाजांच्या इंधनासाठी अमोनिया चालेल म्हणतात.

युरियात पण एक अडचण आहे जी सांगितलीच पाहिजे. युरिया बनवायला कार्बन डायऑक्साइड लागतो, टनाला पाऊण टनाच्या जवळ, आणि तो आज त्याच गॅसमधून निघतो. हायड्रोजन ग्रीन केला तर हा कार्बन डायऑक्साइड दुसरीकडून आणावा लागणार. म्हणून पहिली सुरुवात डीएपी आणि मिश्र खतांच्या अमोनियापासून होतेय, तो आपण आजही मोठ्या प्रमाणात आयात करतो. २०२५ मध्ये अशा खत कारखान्यांसाठी ग्रीन अमोनियाचे लिलाव झाले आणि भाव किलोला ५० ते ६५ रुपयांच्या पट्ट्यात आले, अपेक्षेपेक्षा बरेच खाली. हा भाव सोलर आणि जमिनीवरच्या वाऱ्यानं दिलाय.

सरकार मदत देतंय, तर होईल ना स्वस्त?

मिशनमध्ये किलोमागं पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५० रुपये, दुसऱ्या वर्षी ४०, तिसऱ्या वर्षी ३० अशी मदत आहे. वर दुसऱ्या राज्यातून वीज आणायचं वहन शुल्क २५ वर्षं माफ. महाराष्ट्रानं पण जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटींचं स्वतःचं धोरण काढलं. जमिनीवरच्या ग्रीन हायड्रोजनला याचा खरंच उपयोग होतो, गॅसच्या हायड्रोजनशी असलेल्या फरकातले पन्नास रुपये निघून गेले, मशीन स्वस्त होत गेलं आणि आयात गॅस २०२२ सारखा भडकला तर फरक मिटू पण शकतो. समुद्राच्या पाचशे-सहाशे रुपयांच्या हायड्रोजनला ५० रुपये पुरत नाहीत. आणि माफ केलेलं शुल्क हवेत जात नाही, ते बाकीच्या ग्राहकांच्या बिलात येतं, हे पण लक्षात ठेवलं पाहिजे.

आपल्या भागात काय होऊ शकतं

समुद्र आपल्याकडं नाही, पण या हिशोबात जो पर्याय सगळ्यात स्वस्त निघाला, सोलर अधिक जमिनीवरचा वारा, त्या दोन्ही गोष्टी धुळे-नंदुरबारकडं आहेत. साक्रीचा वारा मे ते ऑगस्टमध्ये जोरात असतो, नेमका तेव्हा ढगांमुळं सोलर पडतो, आणि थंडी-उन्हाळ्यात सोलर जोरात असताना चक्क्या हळू फिरतात, म्हणजे मशीनचे तास वाढवायला ही जोडी चांगली जमते. तिथल्या जुन्या चक्क्या वाऱ्याच्या सगळ्यात चांगल्या जागा अडवून बसल्यात. दोन मेगावॅटपेक्षा लहान चक्क्या काढून त्याच जागी मोठ्या बसवायचं केंद्राचं धोरण २०२३ मध्ये आलंय, त्याच डोंगरावरून कितीतरी पट वीज निघेल. हायड्रोजनचं मशीन इथं आणायची गरज नाही, पाणी इथलं काढायची तर मुळीच नाही. वीज लाइनीवरून तापीच्या मुखाशी हजिऱ्याला जाऊ दे, तिथं खताचा कारखाना आहे, बंदर आहे, समुद्राचं पाणी आहे.

फक्त जमिनी देताना शेतकऱ्यांनी करार नीट वाचले पाहिजेत. पहिल्या फेरीत पठारावरच्या जमिनी कोणत्या भावानं गेल्या, आदिवासी बांधवांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे त्या भागातल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. या वेळी एकदम विकून टाकण्याऐवजी वर्षाच्या भाड्यानं द्यावी, दर ठरावीक वर्षांनी भाडं वाढण्याचं कलम घालावं, आणि चक्की मोठी झाली की भाडं पण त्या मापानं वाढेल असं लिहून घ्यावं, कारण एक मेगावॅटच्या जागेवर तीन मेगावॅट उभे राहणार असतील तर त्या जागेची किंमत पहिल्यासारखी राहिलेली नाही.